होडी का जाळली

सगळी इमारत तिला सिस्टर म्हणायची. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी कुणाचं पोर जिन्यावरून पडलं की आधी तिच्या दाराची बेल वाजायची आणि मग डॉक्टरची. तिच्या नवऱ्याला सगळे नकाशेकाका म्हणत. त्यांनी जन्मभर एका कचेरीत उभ्यानं पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले होते. केसाएवढी बारीक रेघ न हलता ओढणारा माणूस, आणि म्हातारपणी नेमके डोळेच गेले. अगदी अंधार नव्हता. नजरेचा मधला भाग तेवढा पुसला गेला होता, कडेकडेचं दिसायचं.

"समोर माणूस उभा राहिला की मला त्याचे फक्त कान दिसतात," ते सांगायचे. "आणि खरं सांगतो, हिचे कान काही वाईट नाहीत. लग्नात नीट बघायचेच राहिले होते."

निवृत्तीनंतर वाचायची म्हणून त्यांनी जाडजाड कादंबऱ्या घेऊन ठेवल्या होत्या. कपाटाचे दोन खण त्यांनी भरले होते. डोळ्यांचं निदान झालं त्या दिवशी ते कपाटाशी जाऊन उभे राहिले आणि पुस्तकांच्या पाठीवरून नुसता हात फिरवू लागले. सिस्टरला ते बघवलं नाही. ती म्हणाली, "अहो, मी आहे ना. रोज दुपारी वाचून दाखवीन. मला तरी दुसरा काय उद्योग आहे?"

असा शब्द द्यायला तिला काही वाटलं नाही. एके काळी वाचन म्हणजे तिचा जीव की प्राण. मुलांच्या वॉर्डात रात्रपाळी असायची तेव्हा पोरं झोपली की टेबलावरच्या हिरव्या दिव्याखाली ती पुस्तक उघडायची. एक कान खोकणाऱ्या पोराकडे आणि बाकी सगळी ती पुस्तकात. घरी दूध किती वेळा उतू गेलं त्याला गणती नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "हिला पुस्तकातल्या बाईची काळजी, चुलीवरच्या पातेल्याची नाही." वाचून झालेली माणसं तिच्या डोक्यात दिवसेंदिवस राहायला यायची. भाजी निवडताना ती त्यांच्याशी भांडायची. हा असा का वागला, ती तशी का गप्प राहिली, याचा काथ्याकूट करत नवराबायको जेवण थंड करायची.

पण त्याला फार वर्षं झाली होती, आणि मध्ये फोन आला होता.

तो लेकीनंच घेऊन दिला होता. सुरुवातीला सिस्टरला त्याची भीती वाटायची, मग गंमत वाटू लागली, मग कधी त्याच्याशिवाय चैन पडेनासं झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. नातेवाइकांचे निरोप, कुणीतरी पुढे ढकललेली औषधं, मांजरांच्या करामती, दोन ओळींत आयुष्याचं सार. अंगठ्यानं वर सारलं की संपलं. तीन-चार वर्षांत तिनं एक पुस्तक धड पुरं केलं नव्हतं, आणि केलं नाही हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं. रोज इतकं वाचतच तर होती ती!

एकदा लेकीनं फोनवर विचारलं होतं, "आई, ही नोकरी सोडू का गं मी?" सिस्टरनं ताबडतोब उत्तर दिलं. मन म्हणेल तसं कर, सगळं चांगल्यासाठीच होतं. पलीकडून लेक म्हणाली, "पूर्वी तू असं फाडकन बोलायची नाहीस. उद्या सांगते म्हणायचीस, आणि दुसऱ्या दिवशी असं काही विचारायचीस की मला झोप लागायची नाही." सिस्टर हसली होती. म्हातारी झाले बाई आता, असं म्हणाली होती.

दुपारची वाचनं सुरू झाली. पहिलंच पुस्तक भलं जाडजूड होतं, नदीकाठच्या एका नावाडी कुटुंबाचं. नवरा पुरात बुडालेला, मागे विधवा आई, तीन मुलगे आणि एक होडी. नकाशेकाका आरामखुर्चीत डोळे मिटून बसत आणि सिस्टर खिडकीशी. पहिले काही दिवस बरे गेले. मग तिचे डोळे ओळींवरून घसरू लागले. तोंड वाचतंय, मन दुसरीकडेच. नदीचं वर्णन लांबलं की जीव कासावीस व्हायचा. एखादा परिच्छेद सुरू झाला की नजर आपोआप खाली उडी मारायची, पुढे काय झालं ते शोधायला. आधी तिनं वर्णनं गाळली. कुणाचं काय बिघडतंय? मग परिच्छेद. मग दोन पानं एकदम उलटली आणि तशीच पुढे गेली. उरकायची सवय लागली की हात थांबत नाही. पाट्या टाकणाऱ्या नर्सवर ती आयुष्यभर तोंडसुख घेत आली होती, आणि आता नवऱ्याच्या कानात ती स्वतः पाट्या टाकत होती.

एके दुपारी पुस्तकातल्या मधल्या भावानं होडी जाळली. घराचा एकुलता एक आधार, आणि हा पठ्ठ्या पहाटे उठून तिला काडी लावतो.

"थांब," नकाशेकाका म्हणाले. "का जाळली?"

"का म्हणजे? जाळली."

"अगं, पण तो तसा नाही. थोरला तापट आहे, धाकटा उडाणटप्पू आहे. हा मधला तर होडीला पोरीसारखा जपतो. कारण सांगितल्याशिवाय असं होणार नाही. एक तर लेखक चुकलाय, नाही तर..." ते विचारात पडले. "नाही तर त्यानं आईसाठी जाळली असणार."

"आईसाठी? पोटावर पाय देऊन? काहीतरीच तुमचं."

"मग तू सांग कारण."

सिस्टरला कारण ठाऊक नव्हतं. ते मागच्या पानांत कुठेतरी असणार, आणि ती पानं तिनं उडवलेली. पुस्तक मांडीवर होतं. दोन पानं मागे जायला किती वेळ लागला असता? पण मग कबूल करावं लागलं असतं. शिवाय बाजूला फोन मघापासून दोनदा गुरगुरला होता. ती सहज म्हणाली, "कारण मागेच येऊन गेलं की. विसरलात तुम्ही."

नकाशेकाकांनी मान वळवली, तिला कडेनं बघता यावं म्हणून. "येऊन गेलं? मी कसा विसरलो?"

"वय झालं आता. होतं असं."

हे कुणा शेजारणीनं म्हटलं असतं तर त्यांनी उडवून लावलं असतं. पण म्हणणारी सिस्टर होती. तिच्या बोटांना नाडी कळते, तिच्या नजरेला ताप कळतो, हे ते चाळीस वर्षं बघत आले होते. त्यांनी तो शब्द गोळीसारखा गिळला.

आणि एकदा हातात आलेली सोय कुणी सोडतं का? हा लंगडा कोण, विसरलात. ही मावशी कुठून आली, विसरलात. मग काका विचारेनासे झाले. वाद घालेनासे झाले. ती वाचायची, ते "हं" म्हणायचे. तिला तर बरंच वाटलं. वाचन भराभर होऊ लागलं.

त्यांचे एक मित्र होते, निवृत्त पोस्टमास्तर. दर रविवारी यायचे. दोघं पट न मांडता तोंडी बुद्धिबळ खेळायचे. डोळे गेल्यावर काकांनीच हा प्रकार काढला होता आणि अख्खा पट डोक्यात धरून ते मास्तरांना धूळ चारायचे. त्या रविवारी मास्तर आल्या आल्या म्हणाले, "चला, आज तुमच्या वजिराचं काही खरं नाही."

"नको मास्तर. मला आता जमायचं नाही."

"हरायची भीती? गेल्या खेपेचा माझा हत्ती अजून तुमच्या घरात अडकलाय. तो सोडवायचा की नाही?"

"कुठं होता तुमचा हत्ती, तेच मला सांगता येत नाहीये," काका म्हणाले. "माझं डोकं कामातून चाललंय. हिला विचारा."

मास्तरांनी सिस्टरकडे पाहिलं. "काय वहिनी?"

सिस्टर चहा टाकायच्या निमित्तानं आत निघून गेली. गॅसपाशी उभी राहून तिनं आधण ठेवलं. मग तिनं स्वतःची समजूत घातली. हत्तीचं तर विसरलात असं मी म्हटलं नव्हतं. हत्ती ते खरंच विसरले. म्हणजे काहीतरी असेलच ना?

मग लेकीचा फोन आला. आवाज रडवेला. "आई, बाबा मला म्हणाले, अशा माणसांना ठेवतात ती जागा बघून ठेव. आत्ताच बघ, म्हणाले, मला कळतंय तोवर. तुझी आई जन्मभर नर्स होती, म्हातारपणी तिला घरात पेशंट नको. काय चाललंय काय तुमच्याकडे?"

 आपलं ओझं सिस्टरवर पडू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. ते तिची काळजी करत होते!

लेकीनंच मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली. दोघं बसनं गेली. दवाखान्यात भिंतीवर फोन बंद ठेवायची पाटी होती. काकांना तपासणीसाठी आत घेतलं, सिस्टरला बाहेर बसायला सांगितलं. फोन बंद, हात रिकामे, समोर फक्त निळ्या खुर्च्यांची रांग. वाट बघायला लागली तर त्यांना वाचून दाखवू म्हणून पुस्तक पिशवीत घेतलं होतं. ते तिनं काढलं, आणि काढल्यावर होडी जळते त्या पानाच्या मागे गेली.

वाचायला सुरुवात केली आणि तिच्या ध्यानात आलं की तिला वाचता येत नाहीये. अक्षरं कळत होती, शब्द कळत होते. पण तिसऱ्या ओळीला पहिली हातातून निसटत होती. नजर सारखी खाली पळत होती, आणि तिला धरून आणावं लागत होतं, उनाड पोराला दंडाला धरून आणावं तसं. शेवटी तिनं पहिलीतल्या मुलासारखं ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं.

त्या दोन पानांत फारसं काही घडत नव्हतं. एक संध्याकाळ होती. मधला भाऊ झुडपामागे बसून आईला बघतो. आई होडीत बसलेली. ती दोर सोडते, पुन्हा बांधते. सोडते, पुन्हा बांधते. जिथं नवरा बुडाला तिकडे बघत राहते. मुलगा हाक मारत नाही. घरी येऊन जेवतो. एवढंच. दुसऱ्या पहाटे त्यानं होडीला काडी लावलेली.

सिस्टर बोट तसंच ठेवून बसून राहिली. कारण कुठंच लिहिलं नव्हतं. नकाशेकाकांनी ती पानं न ऐकताच ते ओळखलं होतं, नुसतं त्या मुलाला नीट ओळखून. आणि तिनं त्यांना वेड्यात काढलं होतं. 

दार उघडलं. "तुम्ही आत या," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काका खुर्चीत ताठ बसले होते, शाळेत परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"यांची उत्तरं चांगली आली आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "गोष्ट सांगितली, ती जवळजवळ शब्दाला शब्द परत सांगितली. मला नसती आली. पण घरी विसरतात असं म्हणतात. नेमकं काय विसरतात?"

"तिला विचारा," काका म्हणाले. "मला कसं आठवणार मी काय विसरलो ते? ती नर्स आहे, तिला कळतं."

सिस्टर म्हणाली, "ते काही विसरत नाहीत."

"अगं, आता समजूत काढू नकोस."

"समजूत नाही हो."

काका डॉक्टरांकडे वळले. "बघा, हे असं असतं. वॉर्डात जगणार नाही अशा पोरालासुद्धा ही उद्या घरी जाशील म्हणायची. आता माझी पाळी. खरं सांग गं, मी ऐकायला तयार आहे."

 परक्या, मुलीच्या वयाच्या बाईसमोर बोलायचं होतं. इथं गप्प बसलं तर सुटता येणार होतं. घरी जाऊन हळूच सांगू, असंही मनात आलं. पण ते खुर्चीत जसे बसले होते, निकाल ऐकायला, ते बघून तिला तेवढाही उशीर सोसवेना.

"मी पानं गाळत होते," ती म्हणाली. "वाचताना. मला लांबलचक वाचवत नाही आता, मन ठरत नाही. मी वाटेल तिथं उड्या मारल्या. तुम्ही विचारलंत तर उत्तर नव्हतं, म्हणून विसरलात म्हणाले. होडीचं कारण मी वाचलंच नव्हतं. आत्ता बाहेर वाचलं. लंगडा, मावशी, सगळं गाळलेलं. तुमचं काही गेलेलं नाही. माझं गेलंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.  मग काकांनी एवढंच विचारलं, "का जाळली मग?"

"आईसाठी."

त्यांनी मान हलवली. हसले नाहीत.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. तिला वाटलं होतं ते रागावतील, टोमणे मारतील. टोमणे तिनं आनंदानं ऐकले असते. घरी येऊन चपला काढताना ते म्हणाले, "पानं गाळलीस त्याचं मला काही नाही. कंटाळा येतो माणसाला. सांगितलं असतंस तर दोन पानं वाचून गप्पा मारल्या असत्या." चप्पल जाग्यावर लावायला त्यांनी पायानं फळी चाचपली. "पण मी रात्र रात्र पडून आठवत होतो गं. मधल्या भावाचं कारण. डोक्यात सगळीकडे शोधून आलो. नसलेली वस्तू शोधत होतो, आणि तू शेजारी झोपली होतीस."

 सिस्टरनं वाकून त्यांची चप्पल फळीवर लावली.

दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून मास्तरांना बोलावलं. "वहिनी, हत्ती सुटला का?" त्यांनी जिन्यातूनच विचारलं. खेळ सुरू झाला. काकांनी मास्तरांना हरवलंही, पण पूर्वीसारखं नाही. प्रत्येक चालीआधी विचारायचे, "तुमचा उंट तिथंच आहे ना? नक्की?" मास्तर नक्की म्हणायचे, मग काका प्यादं हलवायचे. आतून सिस्टर ऐकत होती. पूर्वी त्यांनी उंट कुठं आहे ते कुणाला विचारलं नव्हतं.

फोन तिनं दुपारचा कपाटात ठेवायला सुरुवात केली. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा घेतलं. बोट ठेवून, हळूहळू. पहिले कित्येक दिवस तिच्या अंगाला मुंग्या यायच्या, कपाटाकडे मान वळायची. एका बैठकीत दोन पानं झाली तरी डोकं दमायचं. पण एखाद्या दुपारी नदी तिला दिसायची. भाजी निवडताना विधवा आई डोक्यात येऊन बसायची, आणि सिस्टर तिला विचारायची, बाई, मुलगा बघतोय हे तुला ठाऊक होतं का? लेकीला तिनं फोन केला. "तुझ्या नोकरीचं मी तेव्हा तोंडाला येईल ते बोलले. आता सांग बरं सगळं, पहिल्यापासून. मी ऐकते आणि उद्या बोलते." लेक म्हणाली, "आई, ती नोकरी सोडून मला वर्ष झालं." आणि मग तिनं तरीही सगळं सांगितलं.

दुपारी मात्र एक गोष्ट रोज व्हायची. पान उलटल्याचा आवाज आला की काका विचारायचे, "एकच उलटलंस ना?" आवाजात राग नसायचा. ती हो म्हणायची.

एके दिवशी वाचता वाचता धाकटा भाऊ कंदील घेऊन घाटावर आला.

"हा कंदील कुठला?" काकांनी विचारलं.

सिस्टर थांबली. कंदिलाचं सगळं काल वाचून झालं होतं. धाकट्यानं तो बाजारातून आणला, आईनं हातात घेऊन काच पुसली. काका त्यावर म्हणालेसुद्धा होते की पहिल्यांदाच त्या पोरानं घरात काही आणलं. तिला शब्द न् शब्द आठवत होता.

"काल वाचलं आपण," ती जपून म्हणाली. "धाकट्यानं आणला बाजारातून."

काकांनी मान वळवली आणि तिला कडेनं पाहिलं. "काल? नाही बुवा. काल हे नव्हतं."

"होतं हो. मी वाचलं. खरंच."

"बरं," ते म्हणाले.

त्यांचा विश्वास बसला नव्हता. आणि बसावा असं तिनं ठेवलं तरी काय होतं? तिच्यातली नर्स हलली. हे साधं आहे की कशाची सुरुवात आहे? लेकीला सांगावं का? डॉक्टरांना? पण कुठल्या तोंडानं? सिस्टर म्हणते ते विसरले, हे वाक्य एकदा वापरून झालं होतं, आणि आता ते खरं असेल तर कुणाला कळणारच नव्हतं.

तिनं पानं मागे उलटली, एक एक, त्यांना आवाज ऐकू जाईल अशी. कालच्या जागी आली. ओळीखाली बोट ठेवलं आणि बाजारापासून पुन्हा वाचायला लागली. काका डोळे मिटून ऐकत होते. आई काच पुसते तिथं आल्यावर ते म्हणाले, "हां, हे आठवतंय."

खरंच आठवलं म्हणून म्हणाले की तिच्यासाठी म्हणाले, ते तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. विचारायचा धीरही झाला नाही. ती पुढची ओळ वाचू लागली.